उतरल्याची तार

दुसरबीड, जि. बुलढाणा
ता. २० ऑगस्ट १९६४

कॅप्टन खांबेटे यांस,

त्या सकाळी मी अंगणात बसून कंदिलांच्या काचा राखेने घासत होते. दिव्यांची अवस होती. म्हशीची धार काढून झाली होती, सडा झाला होता, माझ्या मुलीची, सिंधूची, वेणी घालून तिला शाळेत लावून दिले होते, आणि घरातल्या समया, चिमण्या, कंदील एका पोत्यावर मांडले होते. सासूबाई समोर वाती वळत होत्या. तेवढ्यात कडूबा पोस्टमन फाटकातूनच ओरडला, "बाई, घाबरू नका, चांगली हाये! मास्तरनं वाचली!" आमच्याकडे तार म्हटली की बाया आधी रडायला लागतात, म्हणून तो असा ओरडतच येतो.

तार इंग्रजीत होती, पण पोस्टमास्तरांनी खाली पेन्सिलीने मराठी लिहून दिली होती. 'सुखरूप उतरलो. हवा खराब. उशीर होईल. शेषराव.' तारीख ६ ऑगस्ट, ठिकाण जोरहाट. असल्या तारा मला आधीही आल्या आहेत. मी हात धुऊन तार देवापुढे ठेवली आणि उरलेल्या काचा घासल्या. कणकेचे दिवे उकडले, ते दुपारी सगळ्यांनी तुपाबरोबर खाल्ले. मीही खाल्ले.

एवढे सविस्तर लिहिण्याचे कारण असे, की काल तुमच्या कंपनीचे पत्र माझ्या मोठ्या दिरांच्या, वामनरावांच्या, नावे आले. ब्रह्मकुंड एअर सर्व्हिसचे वैमानिक शेषराव मापारी यांचे विमान ५ ऑगस्टला डोंगरात नाहीसे झाले, आशा धरू नये, असे त्यात आहे. खाली सही तुमची, मुख्य वैमानिक म्हणून. सोबत माझ्या नावाची वेगळी चिठ्ठी, तिच्यावर तुम्ही मला 'श्रीमती' लिहिले आहे.

मी शाळेत गेलेली नाही. भावाच्या पुस्तकांवरून वाचायला शिकले, पुढे किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचले, मग वर्तमानपत्र. पण सहा तारीख पाच तारखेनंतर येते हे कळायला शाळा लागत नाही. जो माणूस पाच तारखेला नाहीसा झाला त्याने सहा तारखेला तार कशी केली? की तुम्ही त्याला कुठे सोडून दिले आहे आणि आणायला जायची तुमची तयारी नाही?

कंपनीचे पत्र वाचून वामनरावांनी डोक्यावरचा फेटा काढला. सासूबाई भिंतीला टेकून बसल्या. मी कुंकू पुसलेले नाही. माझे यजमान कोणत्या ठिकाणी उतरले आहेत ते नाव मला परत टपालाने कळवावे. इतर काही नको.

सौ. जनकाबाई शेषराव मापारी


जोरहाट, आसाम
३१ ऑगस्ट १९६४

श्रीमती जनकाबाई मापारी यांस,

तुमचे पत्र पोचले. वैमानिकाच्या घरून असले पत्र मला आजवर आले नव्हते. तुम्ही दुःखात आहात म्हणून भाषेकडे दुर्लक्ष करतो.

तारेबद्दल इतकेच सांगतो, की पावसाळ्यात इथल्या तारा पडून राहतात, शिक्के चुकतात. तिच्यावर काही बांधू नका.

तुम्ही उतरल्याचे ठिकाण विचारता. बाई, ही तुमची एस.टी. नाही, की मधल्या फाट्यावर उतरून चहा घ्यावा. आमच्याकडे जुनी डाकोटा विमाने आहेत. आत एका बाजूला तांदळाची पोती, मिठाच्या गोणी, रॉकेलचे डबे. दुसऱ्या बाजूला लाकडी बाकावर माणसे, त्यांच्या मांडीवर कोंबड्या, कधी पायांशी बांधलेले डुक्कर. डोंगराच्या कुशीत गवत कापून, दगड वेचून पट्ट्या केल्या आहेत, त्यांवर उतरायचे. कित्येक ठिकाणी बिनतारी यंत्र नाही. वैमानिक खोऱ्यात शिरला की आमच्या हिशोबी तो गेला. परत दिसला की आला. मध्ये ढग खाली आले तर जिथे जमेल तिथे उतरून बसतो, दोन दिवस, चार दिवस. हे तुमच्या यजमानांनी तुम्हाला सांगितले असेलच.

या वेळी तसे झाले नाही. बरुआ नावाचा आमचा तरुण वैमानिक त्यांच्या मागून येत होता. त्याने त्यांना खोऱ्याच्या तोंडाशी ढगात शिरताना पाहिले. तो स्वतः तिथून वळला. त्या तोंडाच्या पुढे उतरायला जागा नाही. खोरे अरुंद होत जाते आणि समोर डोंगर येतो. मी स्वतः तिथे पुन्हा पुन्हा जाऊन पाहिले. खाली जंगल असे आहे, की अख्खे गाव पडले तरी वरून दिसणार नाही.

तुमच्या दिरांना सांगून जे करायचे ते करून घ्या. मुख्य कचेरीला पत्रे पाठवू नका, त्यातून काही निघणार नाही.

अ. वि. खांबेटे


दुसरबीड
ता. ८ सप्टेंबर १९६४

कॅप्टन खांबेटे यांस,

मी श्रीमती नाही. सौ. लिहा, नाही तर नुसते नाव लिहा.

परवा पोळा झाला. गावातले सगळे बैल तोरणाखाली उभे राहिले, आमचे गोठ्यात राहिले. मोठ्या दिरांशी मी तोंडासमोर बोलत नाही, सासूबाईंकडे तोंड करून बोलते. मी सासूबाईंना म्हणाले, "त्यांना विचारा, सुतक कोणाचं धरलंय?" वामनराव ओसरीवरून सासूबाईंनाच म्हणाले, "माय, तिले सांग, माह्या भावाचं." मी म्हणाले, "विचारा त्यांना, भावाची तार त्यांनीही वाचली होती ना?" त्यावर ते उठून गेले. सासूबाई मला म्हणाल्या, "जनका, तुले तार आली, पर मले पोरगा आला नाही."

वामनरावांचे म्हणणे असे, की पितृपक्षाच्या आत पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यावा. ज्याचे प्रेत सापडत नाही त्याचे असे करतात. पुतळा जळला की मेला, मग तो परत आला तरी घरात घेण्याआधी त्याचे पुन्हा बारसे करावे लागते म्हणतात. मी सांगून ठेवले आहे, की पळसाची पाने घरात आली तर मी मुलीला घेऊन माहेरी, धामणगाव बढ्याला, निघून जाईन.

आता तुमच्या पत्राविषयी. शिक्का चुकला म्हणता. शिक्का चुकेल, मजकूर कसा चुकेल? 'उतरलो' हा शब्द तारमास्तर आपल्या मनाने घालीत नाही.

तुम्ही मला विमानाची नोकरी समजावू नका. ते रजेवर यायचे तेव्हा पहाटे तीनला उठून अंगणात उभे राहायचे, आभाळाकडे बघत. मी म्हणायची, "इथं काऊन जागता? इथं तुमचं इमान नाही." म्हणायचे, "सवय झाली." तिथे पगार थोडा आणि बाकी फेरीवर, म्हणून ढग असला तरी माणूस जातो, हे मला माहीत आहे. उतरण्याआधी एकदा खालून फिरून पट्टीवरच्या म्हशी हाकलाव्या लागतात, आणि म्हशी आता विमानाला भीत नाहीत, हेही माहीत आहे. मुख्य वैमानिक फळ्यावर फेऱ्या मांडतो आणि जो परत फिरला त्याच्या नावापुढे फुली काढतो, हे पण मला माहीत आहे. तो मुख्य वैमानिक तुम्हीच ना? पाच तारखेच्या आधी कोणाच्या नावापुढे फुली होती?

गावातली सोजराबाई पूर्वी मला हसायची. "इमानवाल्याची बायको वर पाह्यत चालते, एक दिवस हिरीत पडन." आता ती हसत नाही, माझ्याकडे बघून पदर तोंडाला लावते. ते मला जास्त वाईट वाटते.

पूर्वी जेव्हा जेव्हा अशी तार आली, तेव्हा ते मागून सुखरूप आले. एकदाही चुकले नाही. घरी आल्यावर मी विचारायची, "तार आठवणीनं केली ना?" ते म्हणायचे, "पोचली ना तुले? मंग झालं." तार येते आणि माणूस येत नाही, असे कधी झालेले नाही. म्हणून माझे म्हणणे तेच आहे. ते कुठे तरी उतरले आहेत, पाय मोडला असेल, ताप असेल. तुम्ही ठिकाण कळवले नाही तर मी दिल्लीच्या विमान खात्याला अर्ज करीन आणि तार सोबत जोडीन.

सौ. जनकाबाई मापारी


जोरहाट
१९ सप्टेंबर १९६४

जनकाबाई मापारी यांस,

धमक्या मला देऊ नका. मी लढाईत ब्रह्मदेशावर विमाने नेलेली आहेत.

फळ्याचे म्हणाल तर फळा आहे आणि फुल्याही आहेत. कंपनी फळ्याशिवाय चालत नाही. डोंगरात लोक मिठासाठी आठवडे वाट बघतात. प्रत्येक वैमानिक ढग बघून परत फिरू लागला तर विमाने उभी राहतील आणि आम्ही सगळे घरी जाऊ. पाच तारखेला कोणाच्या नावापुढे काय होते याचा तुमच्याशी संबंध नाही. मापारींना मी त्या सकाळी 'जा' म्हणालो नाही, 'जाऊ नका' असेही म्हणालो नाही. ते कपातला चहा तसाच ठेवून गेले. मागच्या दोन्ही दिवशी ते परत फिरले होते आणि त्यांना ते लागले होते. कोणालाही लागते. मलाही लागले असते.

तुम्ही दोन पुस्तके वाचून मला खोटे ठरवायला निघाला आहात. एक सांगतो. मापारी चांगले वैमानिक होते. चाके टेकवताना आतल्या माणसांना कळायचे नाही, म्हाताऱ्या बाया त्यांच्याच फेरीसाठी थांबायच्या. पण ढगापुढे चांगला आणि वाईट असे नसते. ते गेले. बरुआने पाहिले आहे. त्याला आणखी किती जणांना तेच तेच सांगायला लावायचे? पोरगा अजून जेवताना उठून जातो.

दिल्लीला लिहू नका. मी तुमच्या बऱ्यासाठी सांगतो आहे. तुमच्या दिरांना जे कळते ते तुम्हाला कळू नये याचे नवल वाटते. पळसाचा पुतळा करायचा तर करा, आणि ते तुमच्याने होत नसेल तर दुसऱ्यांना करू द्या.

यापुढे पत्र पाठवल्यास उत्तर येणार नाही.

खांबेटे


दुसरबीड
ता. २७ सप्टेंबर १९६४

कॅप्टन खांबेटे यांस,

उत्तर नको आहे. कळवायचे एवढेच, की काल मी दिल्लीला अर्ज रजिस्टर केला. मूळ तार सोबत जोडली. त्यात लिहिले, की माझे यजमान सहा तारखेला जमिनीवर उतरलेले होते याचा हा पुरावा आहे, आणि कंपनी त्यांना शोधत नाही. प्रत्येक पट्टीवर माणूस उतरवून चौकशी करावी अशी मागणी केली आहे.

मजकूर मी लिहिला, तो बुलढाण्याला माझ्या भावाच्या ओळखीच्या वकिलांकडून इंग्रजीत करून घेतला. वकील वाचून म्हणाले, "बाई, हा अर्ज लागणार."

पितृपक्ष सुरू झाला. घरात पुतळा झालेला नाही. वामनराव माझ्या हातचे जेवत नाहीत, सासूबाई त्यांना वेगळी भाकर टाकतात.

तो चहा तसाच राहिला हे तुम्ही लिहिले ते बरे केले. तुम्ही समोर होता हे त्यावरून कळले.

सौ. जनकाबाई


जोरहाट
१४ ऑक्टोबर १९६४

बाई,

अर्ज लागला. अभिनंदन.

दिल्लीहून साहेब आला. त्याने तुमची तार टेबलावर ठेवली आणि म्हणाला, माणूस सहा तारखेला उतरला होता, तर तो कुठे आहे ते दाखवा. नकाशावरची प्रत्येक पट्टी तपासायचा हुकूम निघाला. ज्या सोडून दिलेल्या आहेत, ज्यांवर गवत माणसाच्या डोक्यापर्यंत वाढले आहे, त्या सुद्धा. आणि नुसती वरून बघायची नाही, उतरून.

ढग अजून उठलेले नाहीत. शनिवारी बरुआला एका सोडलेल्या पट्टीवर पाठवावे लागले. गवतात खड्डा होता. विमान कसेबसे उचलून त्याने परत आणले तेव्हा चाकात बांबू अडकलेला होता आणि शेजारी बसलेल्या दुसऱ्या वैमानिकाचा हात दोन ठिकाणी मोडला होता. बरुआची आई इथेच वसाहतीत राहते, धावपट्टीच्या कुंपणाला धरून उभी होती. विमान थांबल्यावर ती माझ्याकडे आली. नुसती माझ्याकडे बघत राहिली.

अजून आठ पट्ट्या उरल्या आहेत. सोमवारपासून पुन्हा जायचे.

आता ऐका. ती तार मी केली.

तुमचीच नाही. इथल्या सगळ्या वैमानिकांच्या घरच्या तारा मी करतो. पाच वाजेपर्यंत विमान आले नाही की तो कुठे तरी उतरून बसला असे आम्ही धरतो, आणि ते तसेच असते. पूर्वी बायका घाबरून मुख्य कचेरीला तारांवर तारा करायच्या, मालक पिसाळायचा, वैमानिकाला बोल लागायचा. म्हणून मी ही पद्धत पाडली. दुसऱ्या दिवशी सकाळी पोस्टात जाऊन घरी एक तार, त्याच्या नावाने. उतरलो, हवा खराब, उशीर होईल. चार शब्दांत घर शांत होते. वैमानिकांना हे माहीत आहे. मापारींना माहीत होते. तेच मला म्हणाले होते, "माझ्या घरी जरूर करत जा, ती फार जागते."

सहाच्या सकाळी मी नेहमीप्रमाणे तार केली आणि परत आलो तर बरुआ दारात होता. आदल्या दिवशी तो दुसऱ्या पट्टीवर अडकला होता, म्हणून त्याने काय पाहिले ते मला रात्री कळले नव्हते. तार निघून गेली होती.

मी तुमचे मन राखले. त्या चार शब्दांचा तुम्ही आमच्या गळ्याला फास केला.

तुम्ही दिल्लीला लिहा, की तार आधीच्या कुठल्या तरी वेळची होती, तुमची चूक झाली. अडाणी बाईची चूक कोणी मनावर घेत नाही, तुम्हाला काही होणार नाही. मी केली असे कळले तर माझे लायसन्स जाईल, आणि या वयात मला दुसरे काम येत नाही. मी हे तुमच्यावर सोपवतो असे समजू नका. सोमवारच्या आत लिहा एवढेच.

खांबेटे


दुसरबीड
ता. २५ ऑक्टोबर १९६४

कॅप्टन खांबेटे यांस,

तुमचे पत्र बुधवारी दुपारी मिळाले. तुमचा सोमवार त्याआधीच होऊन गेला होता. कडूबा या वेळी काही ओरडला नाही, पत्र माझ्या हातात देऊन उभा राहिला, मग गेला.

मी ते माजघरात बसून वाचले. पहिल्यांदा वाचले तेव्हा एवढेच कळले, की ते सहा तारखेला कुठेही उतरलेले नव्हते. मी दिव्यांच्या काचा घासत होते तेव्हा दोन रात्री होऊन गेल्या होत्या.

दुसऱ्यांदा वाचले तेव्हा बाकीचे कळले. याआधीच्या ज्या तारा आल्या त्याही तुमच्याच. ज्या ज्या वेळी मी तार वाचून ताट वाढून घेतले, त्या त्या वेळी ते कुठे आहेत, आहेत की नाहीत, हे तुम्हालाही माहीत नव्हते. मी तुमच्या अंदाजावर जेवत होते. ते मागून आले हे तुमचे नशीब होते, माझे नाही.

आणि त्यांना हे माहीत होते. "पोचली ना तुले?" म्हणायचे. मी केली असे ते कधी म्हणाले नाहीत, ते मला आता कळते. ती फार जागते म्हणाले. मी जागत होते तर जागू द्यायचे होते. जागणे माझे काम होते. ढगात शिरायचे की नाही हे त्यांचे काम. माझे काम तुम्ही दोघांनी मला न विचारता काढून घेतले, आणि त्याला मन राखणे म्हणता. त्यांचा मला राग येतो आहे आणि तो कुणापाशी काढू हे कळत नाही, म्हणून तो पण तुम्हालाच लिहिते.

तुम्ही खरे तेव्हाही बोलला नाहीत जेव्हा मी पहिल्यांदा विचारले. शिक्का चुकला म्हणालात. तेव्हा एक ओळ लिहिली असती तर अर्ज गेला नसता, बरुआ गवतात उतरला नसता आणि त्या पोराचा हात मोडला नसता. त्याचा दोष माझ्या अर्जाला लावू नका. अर्ज मी तुमच्या तारेवर केला.

अडाणी बाईची चूक म्हणून लिही म्हणता. आधीच्या पत्रात पुस्तके वाचलेली म्हणून टोचलेत, आता अडाणी म्हणून सोडवता. मी ते लिहिणार नाही.

संध्याकाळी मी सासूबाईंपुढे पत्र वाचले. वामनराव ओसरीवर होते, त्यांना ऐकू जाईल असे मोठ्याने वाचले. त्यांनी सगळे ऐकले. मग दारात आले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा सरळ माझ्याशी बोलले. "जनका, तो साहेब लबाड आहे, पर तिकडं पोरं उडून राह्यली ना अजून?"

मी म्हणाले, "हाव."

"आपल्या तारंपायी?"

मी म्हणाले, "हाव."

सासूबाई म्हणाल्या, "त्या कुंपणाजवळच्या बाईले काय नाव आहे?" मी म्हणाले, पत्रात तिचे नाव नाही, नुसती बरुआची आई. सासूबाई म्हणाल्या, "तिचा तरी घरी येऊ दे." सिंधू झोपलेली होती. तिला मी अजून सांगितलेले नाही. तिला वाटते बाप तापाने कुठे पडला आहे.

मला तार खोटी आहे असे लिहिणे म्हणजे काय आहे ते तुम्हाला कळेल असे वाटत नाही. माझ्या हातात दुसरे काहीही नव्हते. बरुआचे डोळे तुमचे, डोंगर तुमचा, नकाशा तुमचा. माझ्याकडे तो एक कागद होता आणि मी त्याच्यावर घर धरून ठेवले होते, दिराशी भांडून, सासूला रडवून. तो कागद खोटा म्हणायचे म्हणजे त्यांना मीच अग्नी देणे आहे. पुतळा नंतर वामनराव करतील. आधी मला करायचे होते.

तुमच्यावर उपकार म्हणून काही केले असे समजू नका. तुम्ही माझ्यासमोर असता तर मी तुम्हाला पाणी दिले नसते. पण त्या बाईच्या दारी कुणी तुमची चार शब्दांची तार घेऊन जाऊ नये. आणि ज्या बायकांच्या घरी तुमच्या तारा पुढेही जाणार आहेत, त्यांना माहीत झाले पाहिजे की त्या कोण करतो. म्हणून तुमचे नाव गाळता आले नाही. लायसन्सचे काय होईल ते होवो. दुसरे काम मलाही येत नाही.

यापुढे मला पत्र पाठवू नका. काही सापडले, तरच पाठवा.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.ने मी मेहकरला गेले. पोस्टमास्तरांकडून इंग्रजी करून घेतले आणि दिल्लीला तार केली: माझे पती सहा तारखेला उतरलेले नव्हते, ती तार कॅप्टन खांबेटे यांनी केली होती, शोध थांबवावा. खाली मी माझे स्वतःचे नाव घातले.

जनकाबाई मापारी